जहाजाची घरघर

समुद्रातली जहाजाची घरघर पुसून देवमाशाची बारीक साद ऐकायची, हे गणित सरांनी उभं आयुष्य घालून बसवलं होतं. आज तेच गणित प्रसूतीच्या खोलीतल्या मशीनमध्ये होतं आणि पलंगावर सरांची लेक होती.

"सर, तुमचीच कृपा! आईच्या हृदयाचा मोठा आवाज पुसून टाकला, की बाळाचे ठोके बघा कसे लख्ख ऐकू येतात," डॉक्टर म्हणाले.

जावयाच्या जिवात जीव आला. विहीणबाईंनी हात जोडले. सगळ्यांचे कान त्या मशीनला चिकटले होते.

सरांची नजर मात्र लेकीच्या पांढऱ्याफटक ओठांवर खिळली.

"अहो डॉक्टर, तो पुसलेला आवाज चालू आहे का, ते बघा आधी!"