लाल पट्टीचं हेल्मेट

पंचांनी खेळ सुरू व्हायच्या आधीच बजावलं होतं. ज्याच्या हातात बॅट आणि जो बेसवर उभा, त्या प्रत्येकाच्या डोक्यात हेल्मेट पाहिजे. बेसबॉलचा चेंडू दगडासारखा आणि पोरं कोवळी. उघड्या डोक्यानं कुणी खेळायला आला तर तो बाद. पंच जयसिंगपूरचे. इथं राजारामपुरीत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळं त्यांना कुणाची भीडही नव्हती.

मीनाबाईला हा माणूस आवडला. एका शब्दाचा दिसत होता.

ती मैदानाकडेच्या पायरीवर बसली होती. शेजारी अनुजा, कॅप्टन राजवर्धनची आई. मीनाबाईचा नातू प्रसेनजीत याच टीममध्ये, सगळ्यात शेवटी बॅटिंगला येणारा. मघाशी एका पोरानं त्याला "ए प्रश्या" म्हणून हाक मारली, तेव्हा मीनाबाई पायरीवरूनच कडाडली होती, "प्रश्या कोण रं? प्रसेनजीत म्हण. जीभ झिजत न्हाय तुझी!"

आता ती अनुजाकडं वळली. "अनुजाबाई, ते मागं लाल पट्टी लावलेलं हेल्मेट बघितलंसा का? टीमला चारच आल्यात. तीन हेल्मेटं आठ पोरांत फिरत्यात. माझ्या नातवाला मातुर सोतंत्र! सरांनी सोता पट्टी चिकटवून दिली."

अनुजा हसल्यासारखं हसली. "घाम लागतो ना आजी एकमेकांचा," ती म्हणाली आणि दोघींच्या मधली पाण्याची बाटली उचलून तिनं पलीकडच्या बाजूला ठेवली.

उन्हात तापत असंल, असं मीनाबाईला वाटलं.

डाव शेवटचा आला. दोन धावा झाल्या की कप आपला, एक गडी गेला की खेळ खलास. तिन्ही बेसवर तीन पोरं उभी होती, तिघांच्या डोक्यात तीन हेल्मेटं. आणि बॅट घेऊन राजवर्धन आला, उघड्या डोक्यानं.

पंचांनी हात वर केला. "हेल्मेट?"

"तिन्ही तिकडं बेसवर हायत सर."

"आणि ते बाकड्याखालचं?"

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत प्रसेनजीतनं बाकड्याखालचं आपलं लाल पट्टीचं हेल्मेट उचललं होतं. दोन्ही हातांत धरून, ओंजळीतनं पाणी आणावं तसा तो धावत आला आणि राजवर्धनसमोर उभा राहिला.

"घे, राजा. मार आता."

राजवर्धननं हेल्मेटकडं बघितलं. मग पायरीकडं, आईकडं. अनुजा समोर बघत बसली होती. तिनं मानही हलवली नाही.

"मला बसत न्हाई ते," राजवर्धन पंचांना म्हणाला.

"घालून तर बघ."

"बसत न्हाई, सर."

"अरे, एका मापाची हायत चारी! सकाळी मी सोता तपासल्यात." पंचांनी टीमच्या सरांकडं बघितलं. सर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती सुटलेली नव्हती.

मीनाबाईनं लाल पट्टीकडं पुन्हा एकदा बघितलं. ती लहान असताना गारगोटीला एका हॉटेलाच्या वळचणीला एक कप पालथा घातलेला असायचा. तो कुणासाठी, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

ती उठली. "प्रसेनजीत. हात खाली घे."

"नियम हाय आजी," तो मागं न बघता म्हणाला. "घालावंच लागतंय त्याला."

"हात खाली घे म्हणते न्हवं!"

त्यानं घेतला नाही. पंच थांबले, जितकं थांबता येतं तितकं थांबले. मग काहीतरी आपल्याला कळलेलं नाही अशा चेहऱ्यानं त्यांनी मूठ वर उचलली.

"बाद."

पलीकडची पोरं ओरडत मैदानात घुसली. बेसवरच्या तिघांनी हेल्मेटं काढून मातीत आपटली. कुणीतरी म्हणालं, "प्रश्यापायी गेला कप."

या वेळी मीनाबाईनं नाव दुरुस्त केलं नाही.

चुन्याची रेघ ओलांडून ती मैदानात गेली. प्रसेनजीत अजून तसाच उभा होता, पुढं केलेल्या हातांवर हेल्मेट. समोर कुणी नव्हतं. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि पदरावरून हेल्मेट घातलं. हनुवटीखाली पट्टा ओढून घेतला.

तेवढ्यात सर धावत आले. "मावशी, ते टीमचं हाय. ठेवून जावं लागंल."

"ठेवते की. ह्यातल्या कुणाच्या डोक्यात घालू, तेवढं सांगा."

तिनं आठही पोरांकडं बघितलं, एकेकाकडं, सावकाश. पोरं मातीकडं बघत राहिली. राजवर्धन बॅटच्या मुठीवरची पट्टी नखानं उकरत होता. पायरीवर अनुजा उभी राहून बाटलीचं झाकण शोधत होती. सर पुन्हा बुटाच्या नाडीकडं वाकले.

तिनं अजून थोडी वाट बघितली.

मग ती निघाली. कडेनं वाट होती, तरी ती मैदानाच्या मधून चालत गेली, ताठ. प्रसेनजीत चार पावलं मागून. हाक कुणी मारली नाही.

फाटकापाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "आजी, सैल हुतंय काय गं?"

"न्हाय रं," मीनाबाई म्हणाली. "मला तर बरोबर बसतंय."