सेटचा बिघाड

सेट टेबलावर उघडा पडला होता आणि गोकुळ त्याला हातसुद्धा लावत नव्हता.

"सापडला का बिघाड?" नीलिमाने विचारलं.

"तोच तर शोधतोय सकाळपासून," तो म्हणाला. "साहेब नेमकं काय सांगायचे, काकू?"

सिल्वासातल्या किलवणी नाक्यावरचं ते दुकान एवढंसं. गोकुळ मूळचा धुळ्याकडचा. त्याच्याकडे यायचे ते मिक्सर नाहीतर पंखे. असा जुना स्टिरिओ कित्येक वर्षांत आला नव्हता. पुण्याहून अनिकेत फोनवर सांगून थकला होता, "आई, भंगारात दे तो. नवीन पाठवतो, मुठीएवढा असतो, मोबाईलला जोडायचा." तिने लेकाचं ऐकलं नाही. नवऱ्याला, उदयला जाऊन वर्ष होत आलं होतं. डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आवाज असायचा तो फ्रिजचा. पण तिला नवा आवाज नको होता. दोघं लग्न करून इथे आली तेव्हाचा हा सेट. उदय यार्नच्या कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी कॅसेट लावायचा आणि हॉलमधून ओरडायचा, "नीलू, ही जागा ऐक! ये ना बाहेर, पोळ्या राहू दे!" तो उदय तिला परत घरात हवा होता.

शेवटचा नको होता.

निवृत्तीनंतर एकदा त्याने कॅसेट मध्येच काढली. "बिघडला सेट. बारीक सूर येतच नाहीत." दुरुस्तीला नेऊ म्हटलं तर, "राहू दे. याचे पार्ट कुठे मिळतात आता?" सेटवर कापड पडलं आणि माणूसही मुका झाला. ती ओट्याशी उभी राहून दिवसभरातलं सांगायची. हॉलमधून हूं नाही की चूं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जाणं त्याने सोडलं. अनिकेतचा फोन आला की "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात द्यायचा.

आणि मग ती दुपार. नाशिकहून फोन आला. तिची धाकटी बहीण, सोनाली, गेली. उदय गॅलरीत पाठमोरा बसला होता. दाराची चौकट धरून तिने कसंबसं सांगितलं, "अहो, सोनाली गेली हो आपली." त्याने मानसुद्धा वळवली नाही. खाली कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, ती बघत राहिला. तिने पिशवी भरली आणि शेजाऱ्यांच्या गाडीने एकटीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा तो दारातच होता. "कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

एवढं सांगूनही!

त्या दिवसापासून तिने अबोला धरला. ताट समोर ठेवायची, गोळ्या ठेवायची, पण शब्द नाही. मान खाली घालून यायची, तशीच जायची. त्यानेही कधी 'का बोलत नाहीस' म्हणून विचारलं नाही, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, नीलिमाताई किती धीराच्या. धीर कसला? तिला रडूच आलं नव्हतं.

"बारीक सूर येत नाहीत म्हणायचे," ती गोकुळला म्हणाली. "बासरी तर ऐकूच येत नाही म्हणायचे."

गोकुळने पंखा बंद केला. कॅसेट आत सरकवली.

बासरी वाजली. अगदी वरच्या सुरापर्यंत चढत गेली, आणि तिथे वादकाने घेतलेला श्वासही ऐकू आला.

"पडून पडून कॅसेट फिरवणारा पट्टा सैल झाला होता, तेवढा बदलला मी," गोकुळ म्हणाला. "पण आवाजात फॉल्ट नाही, काकू. कधी नव्हताच. हा आजपर्यंत कुणी खोललेलासुद्धा नाही."

"मग ते असं का म्हणायचे?"

गोकुळ जरा घुटमळला. "साहेब मशीनवर होते का?"

"जन्मभर. खात्यात शिरलं की मशीनच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं कळायचं नाही, असं सांगायचे."

"माझा मोठा भाऊपण तिथलाच. त्याचं असंच झालं. आधी बारीक आवाज जातो. मग मागून कितीही हाका मारा, कळत नाही. पण कबूल करायला लाज वाटते ना. वहिनीला म्हणायचा, टीव्ही बिघडलाय."

नीलिमा स्टुलावर बसली.

समोर उभं राहून विचारलं की तो उत्तर द्यायचा. चहा हवा का, हो. साखर कमी आहे का, नाही. पाठ असली की काही नाही. ओटा, हॉल, गॅलरी. आणि दारात उभा असलेला तो, कालचाच शर्ट अंगात, दाढी न केलेला, तिच्या तोंडाकडे टक लावून बघणारा. त्या चेहऱ्याला ती निगरगट्ट म्हणत आली होती. तो भेदरलेला होता.

बासरी चालूच होती. गोकुळने आवाज कमी केला. "काकू, पाणी देऊ का?"

तिने मानेनेच नको म्हटलं.

"माझा अबोला होता हो त्यांच्याशी," ती म्हणाली. "आणि त्यांना वाटलं असेल, आपले कान पुरतेच गेले."