रोज चार वाजता

वाचनालयासाठी बनवलेलं नवं ॲप रोज बरोबर चार वाजता बंद पडतं, अशी ग्रंथपालांची तक्रार होती. "मी चारच्या फेरीला बघतो तर हे बंद. आज दुरुस्त झालं नाही, तर आपलं जुनं रजिस्टरच बरं," असं त्यांनी आज सकाळी प्रोग्रामरला बजावलं. गेले तीन दिवस त्याने सगळा कोड उलटापालटा केला, मेमरी तपासली, एकेक टायमर काढून पाहिला होता. लॉगमध्ये एररचा मागमूस नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तर ॲप दिवसभर गुणी बाळासारखं चालत होतं.

शेवटी आज तो पुस्तकं देणाऱ्या मावशींच्या मागे स्टूल टाकून बसला. घड्याळात चार वाजले. मावशींनी चष्मा वर सरकवला, ॲप अलगद बंद केलं आणि मॉनिटरवर आपला रुमाल पांघरला.

"अहो मावशी, हे काय करताय?"



"हळू बोला. सकाळपासून राबतंय बिचारं, आत्ता कुठे डोळा लागलाय."