टेबलावरचा दिवा

आठ वाजून दहा मिनिटांनी तिनं टेबलावरचा दिवा लावला, खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवला, एक जाडजूड पुस्तक उघडून पालथं ठेवलं आणि आली तशी मागच्या जिन्यानं निघून गेली.

गेले चौदा महिने हे असंच चाललं होतं. संशोधकांच्या खोलीत पूर्वी तिघंजण बसायचे. दोघं वैतागून सोडून गेले, उरली ही एकटी. खोलीच्या दाराला दुधी काच होती. व्हरांड्यातून जाणाऱ्याला आत उजेड दिसे, खुर्चीवर माणसासारखं काहीतरी दिसे, बस्स. समोरच सरांची खोली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांच्या दारालाही तसलीच काच. ती येण्याआधीच त्यांचा दिवा लागलेला असायचा आणि कोटातले रुंद खांदे दिसायचे. हलत मात्र नसत. वाचणारा माणूस कशाला हलेल?

त्या खांद्यांची तिनं धास्ती घेतली होती. टेबलाशी बसलं की एक ओळ सुचत नसे. आता दार उघडेल, सर विचारतील, 'झालं का?' हेच डोक्यात. सुरुवातीला रडू यायचं. मग तेही बंद झालं. दात काढण्याआधी सुई टोचल्यावर हिरडी होते ना, तशी ती आतून होऊन गेली होती.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, जागा बदलून बघ. तिनं बदलली. ग्रंथालयात डोक्यावरचा पंखा करकरायचा. झेरॉक्सच्या दुकानात दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी 'जरा सरकता का?' म्हणायचं. शेवटी ती मावशीच्या दवाखान्यात जाऊन टेकली. मावशी दातांची डॉक्टर. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं, त्यात ही मांडीवर वही घेऊन. ज्याला त्याला आपापल्या दाढेचं पडलेलं, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारत नाही. तिथंच तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुरं झालं.

आजही ती त्याच बाकावर येऊन बसली.

"अगं, अंगात काहीतरी घाल की. कुडकुडतेयस नुसती," मावशी दारातून डोकावून म्हणाली.

"स्वेटर कामावर गेलाय."

मावशी हसली, मग हसायची थांबली. "सही झाली का अर्जावर?"

"नाही."

"आज शुक्रवार आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. मुदतवाढीचा अर्ज सरांच्या सहीनिशी पाचच्या आत कार्यालयात पोचला नाही, तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात. हे तिला महिनाभर ठाऊक होतं आणि महिनाभर अर्ज पिशवीत होता.

"तोंडावर विचार ना जाऊन. खाणारेत का तुला?"

"प्रकरण देऊन सात महिने झाले, मावशी. एक शब्द नाही. आवडलं नसणार."

"नसेल आवडलं तर कळेल तरी!"

ते प्रकरण तिनं हिरव्या फितीत बांधून, वर दोन गाठी मारून मामांच्या हातात दिलं होतं. मामा म्हणजे विभागाचे शिपाई. किल्ल्या, टपाल, दिवे, सगळं त्यांच्याकडे. संध्याकाळी तिचा दिवाही तेच बंद करत. "तेवढं कुणाला बोलू नका हं मामा," असं तिनं पहिल्याच दिवशी विनवलं होतं. "मी कशाला बोलतोय? माझ्या पोटात पुष्कळ आहे," मामा म्हणाले होते.

सरांना तिनं एकदा मेलही केली होती. उत्तर आलं, 'प्रत्यक्षच बोलू. मी रोज असतोच.' तिनं लिहिलं, 'हो सर, मीही असतेच.' त्यावर पुढे दोघंही गप्प.

साडेतीनला मावशीनं तिच्या मांडीवरची वही काढून घेतली. "ऊठ. नीघ आधी."

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती समोरच्या जिन्यानं चढली. दोन्ही खोल्यांत उजेड होता. जाता जाता तिला काचेतून स्वतःचा स्वेटर दिसला. फारच कष्टाळू दिसत होता बिचारा.

तिनं सरांच्या दारावर टकटक केलं. खांदे हलले नाहीत. पुन्हा केलं, जरा जोरात. मग मामा आले.

"काय झालं बाई?"

"सर रागावलेत का माझ्यावर? आत आहेत आणि ओ देत नाहीत."

मामांनी तिच्याकडे बघितलं, हातातल्या अर्जाकडे बघितलं आणि जुडग्यातली किल्ली काढून दार उघडलं.

खुर्चीच्या पाठीला कोट होता, खांदे नीट बसवलेला. खुर्ची रिकामी होती. टेबलावर तिसरं प्रकरण. हिरवी फीत, वर दोन गाठी, तिनंच मारलेल्या. तिनं गाठीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

"कधीपासून?"

"तुमचा हा गठ्ठा आला, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. दिवा मीच लावतो, मीच बंद करतो."

"आणि मला सांगितलं नाहीत, मामा?"

"तुमचं तरी कुठं कुणाला सांगितलं?"

"अहो, चार वाजत आले! येणार तरी कधी ते?"

"यायचंच म्हणतात." मामा समोरच्या उजळलेल्या काचेकडे बघत राहिले. "रोज सकाळी नऊला फोन येतो. म्हणतात, प्रकरण वाचायचं राहून गेलंय, बाई समोरच ठाण मांडून बसलेल्या असतात, कुठल्या तोंडानं येऊ? बघा ना मामा, आज तरी त्यांचा दिवा बंद आहे का?"