उन्हावाचून हळद

साबण लागताच साडीवरची हळद लालभडक झाली आणि खळबळून काढल्यावर पुन्हा पिवळीधमक, होती तशीच. कुमुदिनीबाईंनी साडी पिळली आणि सवयीनं बाल्कनीत नेली. हळदीचा डाग उन्हातच उडतो, हे त्यांना आईनं शिकवलेलं. साडी दोरीवर टाकताना नजर वर गेली आणि हात थबकले. पृथ्वी थंड राहावी म्हणून विमानांनी फवारलेल्या भुकटीचं राखाडी छत सांगलीवर होतं. ऊन पडून वर्षं लोटली होती.

ही उष्टी हळद. आधी नवऱ्या मुलाला, निनादला लावलेली, मग त्यातलीच लेकीला, ऋजुताला. त्याच दुपारी फवारणीचं विमान घेऊन गेलेला निनाद परतलाच नाही. मांडव तसाच उतरवावा लागला. निदान डाग तरी पोरीच्या डोळ्यांसमोरून जावा, एवढंच बाईंना हवं होतं.

ऋजुता मागं येऊन उभी राहिली. तिनं ओला पदर हातात घेतला.

“उद्या सोडा लावून बघते,” बाई पुटपुटल्या.

“नको, आई. ऊन त्यानंच झाकलंय. ते असतं, तर त्याची एवढीही खूण उरली नसती.”