येसराचं मूळ

साहेबानं बाटली तिरपी केली तशी दगडाबाईनं उजव्या तळव्याची वाटी केली, डावा हात खाली धरला, काळा थेंब तीर्थासारखा घेतला आणि सवयीनं ओला तळवा केसांवरून फिरवला. मग तोंड वाकडं केलं. "लई खारट देव हाय बाई," ती म्हणाली. शेडमधल्या साऱ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या.

साहेबही हसला. पुण्याच्या मोठ्या दुकानांसाठी माल घ्यायला आलेला माणूस, पण मांडी घालून खाली बसला होता. त्यानं जगभरचे सॉस मांडले होते. हा सोयाबीन आंबवून केलेला, चीनचा. हा मिरचीचा, मेक्सिकोचा. हा कुणा लाटसाहेबानं बंगालातून विलायतेला नेलेल्या चवीचा. तांबूस बाटलीपाशी बायनाबाईनं हात पुढं केला, तर मुनिरानं तिला कोपरखळी मारली. "आक्का, त्यात मासे हायेत. मिठात मुरवलेले." बायनाबाईनं हात मागं घेऊन गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर ठेवला. मुनिरानं मात्र तो थेंब चाटला आणि वाईट नाही म्हणाली.

नेकनूरच्या अलीकडची ही बायकांची सहकारी संस्था. बायनाबाई तिची अध्यक्ष. बाजरी, गहू, डाळी, धने, मिरच्या खरपूस भाजायच्या, दळायच्या, झालं येसर. फोडणीच्या पाण्यात कालवलं की पंगत जेवेल असा रस्सा. यंदा विहिरींनी तळ दाखवला होता. साहेबानं माल उचलला तर दसऱ्यानंतर यातली एकही बाई ऊसतोडीला जाणार नव्हती. नाही उचलला, तर मुकादमाची गाडी होतीच.

साहेबानं येसराची वाटी पुसून खाल्ली होती. आता फक्त वेष्टनावर छापायला गोष्ट हवी होती. "लोक नुसती चव घेत नाहीत, मावशी. गोष्ट घेतात. तर सांगा, याचं मूळ कुठलं?"

"घाटनांदूरचं," दगडाबाई झटकन म्हणाली. "माझा भाऊ यायचा की. पंचमीला."

हशाचा नुसता फुफाटा उडाला. साहेबाला कळेना. मग कुणीतरी सांगितलं की इकडं सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो, त्याला मूळ म्हणतात. साहेब मान हलवून हसला. बायनाबाई तेवढी हसली नाही. ती दगडाबाईकडं बघत राहिली.

साहेबानं गोष्ट तयारच आणली होती. निजामाच्या मुदपाकखान्यातली पाककृती. मुनिरानं कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणायचं, की माझे पणजोबा निजामाचे खानसामा होते. मुनिराचे पणजोबा टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, हे तिनं दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाला, त्या लाटसाहेबाची गोष्ट तरी कुणी तपासलीय? मग बायनाबाईच्या माळेकडं बघून, अगदी आदरानं म्हणाला, "कीर्तनात बुवासुद्धा कथा रंगवतातच की."

"रंगवतात," बायनाबाई म्हणाली. "पर देवाची. सोताची न्हाई."

कॅमेरा सुरू झाला. मुनिरानं पदर सारखा केला, "माझे पणजोबा" म्हणाली आणि थांबली. तिनं साऱ्याजणींकडं पाहिलं. मग बायनाबाईकडं. त्या नजरेत, तू म्हण तर म्हणते, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

बायनाबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. "दगडे," ती म्हणाली, "दुष्काळाच्या साली भाऊ आलता का गं?"

दगडाबाईचा केसांवरून फिरणारा हात थांबला. "कुठनं येईल? जनावरं इकली, सोता खडी फोडाय गेला. पंचमीला मूळ आलं न्हाई." "यष्टीच्या कंडक्टरच्या हाती येसर आलं. फडक्यात बांधून. आयनं भाजलेलं."

"माझ्याबी," मागून एक जण म्हणाली. "माझ्याबी आलतं," दुसरी म्हणाली. आता कुणी हसत नव्हतं.

"हे छापा," बायनाबाई साहेबाला म्हणाली. "ज्या साली मूळ आलं न्हाई, त्या साली हे आलं."

साहेबानं कॅमेरा बंद केला. त्याचेही डोळे जरा ओले झाले होते, पण तो धंद्याला आलेला होता. "मावशी, गोष्ट खरी आहे. पण दुष्काळ विकत कोण घेईल?"

"दुष्काळ कुणीच इकत घेत न्हाई साहेब, त्यो फुकट येतो. आमी येसर इकतो. राजाचं म्हणून न्यायचं आसंल तर राहू द्या."

त्यानं वरच्या लोकांना फोन लावून पाहिला, शेडबाहेर उन्हात बराच वेळ बोलला आणि परत येऊन बाटल्या गोळा करायला लागला. जाताना वाकून नमस्कार केला. बायनाबाईनं त्याला वाटेला येसराची पुडी दिली.

त्याच्या गाडीची धूळ खाली बसली. दगडाबाई पुटपुटली की झालं, आता मुकादमाचीच गाडी.

"येऊ दे," बायनाबाई म्हणाली. "मोकळं जायाचं न्हाई. येसराची पोती भरून जायाचं, तिथं इकायचं. उसाच्या फडावर निम्मा जिल्हा उतरतो आपला. तिथं कोण बे इचारतंय, येसर म्हंजी काय?"

आपल्या तोंडचा 'बे' माळकरी आक्काच्या तोंडून ऐकून मुनिरा खुदकन हसली. मग तिनं चुलीत कापसाची पळाटी सारली, कढईत बाजरी ओतली आणि उलथनं बायनाबाईच्या हातात दिलं.

"जाळ कमी करू का?" दगडाबाईनं विचारलं.

"नगं. चांगली करपायला आली पायजे," बायनाबाई म्हणाली. "कच्ची राहिली, तर पाण्याला धरून ठेवत न्हाई."