मागचे रबर

मिस्त्रीने ट्रकच्या मागच्या एक्सलवर ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा थापला आणि मालकांना ट्रक समोरच्या खड्ड्यातून दामटायला सांगितलं. ट्रक उसळला, धाडकन बसला, थांबला. मिस्त्री पाठीवर सरपटत खाली शिरला. गोळा दबून करंगळीएवढा जाड उरला होता. म्हणजे पार शेवटच्या दणक्याला एक्सल आणि वरची चासी, म्हणजे ट्रकचा सांगाडा, यांच्यात करंगळीएवढीच जागा राहत होती. त्याला अंगठाभर हवी होती.

म्हटलं तर काम एवढंसंच. खडकाळ रानातल्या शर्यतीत ट्रकची मागची बाजू आपटते, स्प्रिंगचे पाटे पूर्ण दबतात, आणि तेव्हा लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबराचा एकेक ठोकळा असतो. ठोकळा फार मऊ असला तर असून नसल्यासारखा. फार कडक असला तर ट्रक चेंडूसारखा उलटा उसळतो. चार दिवस मिस्त्री त्या दोन ठोकळ्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. तीन जातींचं रबर आणलं. शर्यतीत असेल तेवढंच वजन मागे भरलं, वाळूच्या गोण्या मोजूनमापून. आता त्याने मऊ ठोकळे उतरवले, मधल्या जातीचे घेतले आणि त्यांची टोकं पात्याने निमुळती तासायला बसला. आधी हळूच झेलायला हवं, मग जागचं हलता कामा नये.

“मिस्त्री, दागिना घडवताय का?” मालक म्हणाले. मिस्त्री हसला नाही.

नऊ वर्षांपूर्वी याच मालकांच्या जुन्या ट्रकचे रबर त्यानेच कापले होते. शर्यतीत मालक स्वतः ट्रक चालवत होते आणि शेजारी नकाशा घेऊन मिस्त्रीचा धाकटा भाऊ बसला होता. चोवीस वर्षांचा. एका ओढ्यात मागचा एक्सल चासीला जाऊन भिडला आणि ट्रक तीन कोलांट्या खाऊन थांबला. मालकांचं मनगट मोडलं. धाकट्याचा कणा.

मिस्त्री दवाखान्यात बसून होता तेवढ्यात ट्रक भंगारात गेला. त्याला तो बघायलाही मिळाला नाही. मागे लोखंडाला लोखंड लागलं, एवढंच मालक म्हणाले होते. मिस्त्रीला तेवढं पुरलं. आपण रबर जास्त तासले, हे त्याने मनाशी धरलं ते धरलंच. धाकटा शुद्धीवर आला त्या दिवशी मिस्त्रीने त्याचे पाय धरून माफी मागितली. त्या पायांना स्पर्श कळत नव्हता. धाकटा कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “जाऊ दे, दादा.”

तेव्हापासून धाकट्याला उचलणं, अंघोळ घालणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस बदलणं, सगळं मिस्त्रीच्या हातचं झालं. ठरलेलं लग्न त्याने स्वतःच्या तोंडाने मोडलं. ती मुलगी दोन वर्षं थांबली, कारण विचारत राहिली. भावाला आपणच अधू केलंय हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. शर्यतीच्या गाड्या त्याने सोडल्या आणि पाव-बिस्किटांच्या टेम्पोंच्या दुरुस्तीवर पोट भरलं. या वेळी मालक स्वतः दारात आले तेव्हा तो हो म्हणाला, ते एकाच कारणासाठी. हे काम त्याला एकदा तरी बिनचूक करायचं होतं.

पुढच्या खेपेला माती अंगठाभर जाड राहिली. मिस्त्रीने ती दोनदा अंगठ्याने मापून पाहिली. मग पाना घेऊन बोल्ट आवळायला लागला.

मालक वाकून बघत म्हणाले, “फार आवळू नका. आदल्या दिवशीच्या तपासणीपुरतेच हवेत, शर्यतीच्या सकाळी काढायचेत. रबर नसले की चाक आणखी वर जातं, खडकात वेग मिळतो. मागच्या वेळी तुम्ही असे आवळले होते की ते काढताना तुमच्या भावाला आणि मला तासभर घाम गाळावा लागला.”

पाना थांबला. मिस्त्री ट्रकखालून बाहेर आला आणि मालकांच्या तोंडाकडे बघत राहिला.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” मालक चपापले. “मला वाटलं, त्याने सांगितलं असेल. कल्पना तर त्याचीच होती.”

मिस्त्री पुन्हा खाली शिरला. चारही बोल्ट त्याने अंगातलं सगळं बळ लावून आवळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारला. मग ट्रकची किल्ली मालकांच्या हातात ठेवली आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी पोचला तेव्हा दुपार टळायची होती. धाकटा चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसला होता. दादा आज लवकर आला म्हणून त्याचा चेहरा खुलला. रबर जमले का, त्याने विचारलं. मिस्त्री हात न धुता समोर स्टुलावर बसला. मालक काय म्हणाले ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं. आवाज चढवला नाही. नऊ वर्षं झोपेतसुद्धा आपण त्या ठोकळ्यांची मापं काढत होतो, तेही सांगितलं. लग्नाचा विषय त्याने काढला नाही. काढायची गरज नव्हती.

“एकदा सांगायचं होतंस,” तो म्हणाला. “एवढ्या वर्षांत एकदा.”

धाकट्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग दादाच्या काळ्या तेलकट हातांकडे.

“सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तू राहिला असतास?”